फोडलेली थाळी

बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्यापैकी प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तांब्यावर कथलाचा थर देणे ही जशी एक विद्या, तशीच रंगीत काचेची पूड त्यावर वितळवून बसविणे ही दुसरी. तिला आपण मिनाकाम म्हणतो. या विद्येच्या इतिहासातील एका जपानी कारागिराची हकीकत आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो.

जपानात ही कला अगदीच अज्ञात होती असे नाही. सतराव्या शतकापासून हिराता नावाचे घराणे तलवारींच्या मुठीवरील लहान लहान नगांवर मिनाकाम करीत असे. परंतु त्याची कृती घराबाहेर जाऊ द्यावयाची नाही, असा त्या घराण्याचा दंडक होता. परिणाम असा झाला की, देशात विद्या असूनही देशाला ती नव्हती.

ओवारी प्रांतात, म्हणजे आजच्या नागोयाच्या परिसरात, काजी त्सुनेकिची (१८०३–१८८३) हा धातूला मुलामा देऊन पोट भरीत असे. १८३० नंतरच्या दशकात मिन्याची एक परदेशी थाळी त्याच्या हाती आली. ती डच जहाजातून आली, असे परंपरा सांगते. शिकविणारा कोणी नव्हता. तेव्हा त्याने थाळीच फोडून पाहिली. आत तांबे, तांब्यावर उभ्या बसविलेल्या बारीक पट्ट्या आणि त्यांच्या घरांत वितळलेली काच!

थाळीने घडण सांगितली. विस्तवाचे गणित मात्र सांगितले नाही. तांबे वितळते १०८३ अंशांस आणि मिना बसतो साधारण ८०० अंशांच्या आसपास. आच कमी पडली तर पूड खरखरीत राहते, अधिक झाली तर रंग करपतो. शिवाय निवताना तांबे काचेपेक्षा अधिक आकसते, म्हणून पाठीमागूनही मिना द्यावा लागतो; नाहीतर पत्रा वाकतो आणि काच तडकते. हे सारे भट्टीपुढे बसूनच कळावयाचे. अखेर त्याच्या भट्टीतून एक लहानशी थाळी धड बाहेर आली.

यापुढे काजीने जे केले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्याने ही विद्या हायाशी शोगोरो या शिष्यास दिली, हायाशीने ती आपल्या शिष्यांस दिली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात नागोयाच्या मिनाकामाचा गौरव झाला. जपानी भाषेत या कामास ‘शिप्पो’, म्हणजे सप्तरत्ने, म्हणतात. ज्या खेड्यांत ते वाढले, त्या परिसराने पुढे तेच नाव धारण केले.

आपल्याकडेही ‘ही कृती आमच्या घरातली’ म्हणून किती हातांची विद्या त्या हातांबरोबरच सरणावर गेली असेल! हिरातांनी जपलेले काजीला थाळी फोडून पुन्हा शोधावे लागले. परंतु फोडावयास अशी थाळी प्रत्येक वेळी हाती लागेलच, असा भरवसा कोणी द्यावा?