‘वृद्धाश्रम’ शोधत होते, ‘पंगुगृह’ सापडलं

साताऱ्या-सांगलीकडची आपली बरीच मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात नवी पेठेत राहतात. अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या या भागातच ‘निवारा’ नावाचा वृद्धाश्रम आहे. त्याच्यावरून मी कितीतरी दिवस ये-जा केली, पण संस्थेचं पूर्ण नाव फार उशिरा वाचलं: डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. 1860च्या दशकात एका ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून ही संस्था उभी राहिली.

या नावानं माझी एक मोठी चूक दाखवून दिली. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या जुन्या संस्था शोधताना मी ‘वृद्ध’, ‘वृद्धाश्रम’, ‘ओल्ड एज होम’ हेच शब्द धरून बसले होते. हाती काहीच लागत नव्हतं. म्हणून “त्या काळी अशा संस्था नव्हत्या, एकत्र कुटुंब होतं ना” असं एक वाक्य मी प्रकरणात लिहूनही टाकलं होतं.

आधी देणगीदाराविषयी. डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 चा, बगदादचा. तिथल्या पाशाच्या जाचामुळे ते बाहेर पडले आणि 1832 च्या सुमारास मुंबईत आले. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांशी, म्हणजे शनवार तेल्यांशी, त्यांची गल्लत करू नका. धर्म एक असला तरी समाज वेगळे. ससून 1864 मध्ये पुण्यातच वारले. त्यांच्या नावाचं इस्पितळ आणि कँपातलं लाल देवळ, दोन्ही 1867 मध्ये पूर्ण झाली. त्यांना ती पाहता आली नाहीत.

ही देणगी का दिली असेल? ज्यू परंपरेत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. त्या शब्दाचं मूळ ‘न्याय’ या अर्थाशी आहे. म्हणजे देणं ही मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे. पण संशोधकानं इथंच थांबू नये. ससून घराण्याचा पैसा कापसातून आला तसा चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला. शिवाय परक्या मुलखात स्थिरावणाऱ्या घराण्याला सार्वजनिक दानामुळे सरकारदरबारी आणि शहरात पत मिळत होती. श्रद्धा, नफा आणि प्रतिष्ठा एकाच देणगीत असू शकतात. त्यातलं एकच निवडायची घाई करू नका.

आता नावाकडे या. इंग्रजीत ते ‘इन्फर्म असायलम’ आणि मराठीत ‘अनाथ पंगुगृह’. वृद्ध हा शब्दच नाही! आज अनाथ म्हटलं की आईबाप नसलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. पण मूळ अर्थ ज्याला कुणी नाथ, वाली नाही तो. त्यात निराधार म्हातारीही आली. आणि जन्माची नोंदच नसलेल्या लोकांत वयाचा निकष लावणार कसा? अंगात काम करायची ताकद आहे का, हे मात्र दिसतं.

हाच निकष आपल्या भागात 1876-78 च्या दुष्काळात दिसतो. काम करू शकणाऱ्यांना खडी फोडायला, माती उपसायला सरकारी कामावर धाडायचं आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना फुकट मदत द्यायची, अशी ती विभागणी होती. म्हातारी माणसं दुसऱ्या गटात, आंधळ्या-पांगळ्यांच्या शेजारी सापडतात. तासगाव किंवा खानापूरवर काम करणाऱ्यांनी ही माहिती साताऱ्याच्या कागदांत शोधावी. हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

वयाचा निकष आज आपल्याला स्वाभाविक वाटतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 60 वर्षं ही स्पष्ट रेघ आहे. पण ती रेघ मागे नेऊन 1860 च्या माणसांवर ओढली, की ती माणसं आपल्याला दिसेनाशी होतात. माझं तेच झालं होतं. एकत्र कुटुंब होतं हे खरं, पण ते सगळ्यांना सांभाळत होतं हे मी न तपासताच गृहीत धरलं. सगळ्यांनाच घरी आधार असता, तर अनाथ पंगूंसाठी वेगळं घर बांधायची वेळ कशाला आली असती?

ते वाक्य मी खोडलं. तुम्ही विषय पक्का करत असाल तर एक कागद घ्या. डावीकडे तुमच्या विषयाचे आजचे शब्द लिहा आणि उजवीकडे त्या काळातले. उजवी बाजू रिकामी असेल तर “पुरावा नाही” असं एवढ्यात लिहू नका. आधी जुन्या संस्थांची पूर्ण नावं वाचा. आणि नवी पेठेत चहाला उतरलात, की ‘निवारा’समोर मिनिटभर थांबा.