अक्कास आणि मुसव्विर

१८९४ साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. नांदेड-लातूरचा आपला मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. उर्दूत फोटोग्राफरला अक्कास म्हणतात, म्हणजे प्रतिबिंब टिपणारा. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा. निजामांनी दुसरा शब्द निवडला आणि मला तो जास्त खरा वाटतो.

काचेची नेगेटिव्ह हे अर्धेच काम असे. त्या काळच्या प्लेटांना निळा प्रकाश फार लवकर लागे, म्हणून आभाळ पांढरेफटक होई आणि सावळा चेहरा होता त्याहून काळा दिसे. पुढे डार्करूममध्ये कागदाचा एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवत, दुसऱ्यावर जास्त प्रकाश पाडून तो गडद करत.

आजची रॉ फाइल ही तीच नेगेटिव्ह. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. एक्स्पोजरने सगळे चित्र उजळते किंवा मंदावते. हायलाइट्स उजळ भाग आवरते, शॅडोज अंधारातले वर आणते, ब्लॅक्स काळ्याची हद्द ठरवते. फिल्मवर सावली एकदा हुकली की गेली. डिजिटलमध्ये उलट आहे. सावलीतले पुष्कळसे परत मिळते, पण पांढरे पडून गेलेले मिळत नाही. म्हणून भर उन्हात फोटो थोडा गडदच घ्यावा.

कंधारच्या किल्ल्यात फारसी शिलालेख आहेत. उठावाच्या अक्षरांना वाचनीय करते ती त्यांची बारीक सावली. शॅडोज सरसकट वर ओढले तर अक्षर सपाट होते; हायलाइट्स फुटले तर नुक्ता नाहीसा होतो. वर्गात मुलांना मी नेहमी सांगतो, नुक्ता वर असेल तर ‘ख़ुदा’ आणि खाली आला तर ‘जुदा’. राजाचे नाव, हिजरी साल, सगळे अशाच ठिपक्यांवर अवलंबून असते. स्लायडर ओढून चुकीचे वाचन झाले आणि ते फोटोसह फिरले, तर पुढची पिढी त्यालाच पुरावा मानेल.

तेव्हा शिलालेखाचा फोटो घ्याल तर मूळ रॉ फाइल जपून ठेवा, आणि सुधारलेल्या प्रतीसोबत काय बदलले तेही लिहा. मुसव्विरी जरूर करावी, पण अक्कासाची साक्ष पुसू नये.