भाडेकरू, घरमालक आणि वऱ्हाडातील एक आदेश

अमरावतीच्या परकोटातील गल्ल्यांतून किंवा अकोल्यास मोर्णेकाठच्या जुन्या शहरातून जाताना एखादे प्रशस्त पण कुलूपबंद घर दृष्टीस पडते. भिंतीतून पिंपळ फुटलेला असतो, आणि दोन घरे पलीकडे एकाच खोलीत पाच-सहा माणसांचे बिऱ्हाड राहत असते. रिकामे घर आणि घराला पारखी माणसे एकाच गल्लीत कशी नांदतात? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग गेल्या शतकातील भाडेनियंत्रणाच्या इतिहासात आहे. आपल्या कुटुंबांत भाडेकरूही आहेत आणि घरमालकही. म्हणून तो दोन्ही बाजूंनी पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भाडेनियंत्रण हे युद्धाचे अपत्य होय. १९१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी युद्धाच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. तेथील स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडी गोठविणारा कायदा करावा लागला. मुंबईत १९१८ साली असाच कायदा आला. पुढे दुसरे महायुद्ध झाले, महागाई भडकली, आणि फाळणीने लक्षावधी माणसे बेघर केली. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ साली घरे भाड्याने देण्याविषयीचा कायदा केला व त्याच्या आधारे १९४९ साली भाडेनियंत्रण आदेश काढला. पुढे प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, परंतु अमरावती-अकोल्याच्या भाडेकरूच्या डोक्यावरील छत्र तेच राहिले.

या आदेशाचा गाभा असा होता की रेंट कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून घरमालकाला भाडेकरार संपविण्याची नोटीसच देता येत नसे. परवानगीची कारणे ठरलेली होती. भाडे थकणे, पोटभाडेकरू ठेवणे किंवा मालकाला स्वतः राहण्यासाठी घराची खरी गरज असणे, ही त्यांतील प्रमुख. परवानगी मिळाली की तिच्यावर अपील. तेथून सुटका झाली की नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा. म्हणजे एकाच घरासाठी दोन निरनिराळ्या दरवाजांवर उभे राहणे आले. याशिवाय घर रिकामे झाल्यास त्याची खबर प्रशासनाला द्यावी लागे, आणि ते घर सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला देवविण्याचा अधिकार प्रशासनाकडे होता.

भाडेकरूच्या दृष्टीने हे मोठे अभय होते. गिरणीतला कामगार, शाळामास्तर, लहान दुकानदार यांना मालकाच्या लहरीवर रातोरात सामान रस्त्यावर काढावे लागेल ही भीती उरली नाही. मुलांची शाळा एका जागी राहिली, दुकानाचे गिऱ्हाईक टिकले. हे श्रेय त्या आदेशाला न देणे अन्यायाचे होईल.

पण सगळेच घरमालक सावकार नव्हते. समजा, एखाद्या विधवेला पतीमागे उरलेल्या दोन खोल्यांच्या भाड्यावरच गुजराण करावयाची आहे. धान्य महागले, कौलांची डागडुजी महागली, घरपट्टी वाढली, आणि भाडे मात्र तिथेच राहिले. मग ती दुरुस्ती थांबविते आणि भाडेकरू गळक्या छपराखाली राहतो. मालकाने रागाने भाडे घेण्याचे नाकारावे आणि भाडेकरूने ते मनिऑर्डरने पाठवावे, असा अबोला घराघरांत शिरला. शेवटी ज्याची खोली रिकामी झाली त्याने तिला कुलूप लावणे पत्करले. जो आधीच आत होता तो सुरक्षित राहिला, आणि जो नव्याने शहरात आला त्याच्यासाठी दारे मिटली.

येथे शासनाच्या वाट्याचा हिशेबही मांडला पाहिजे. १९५२ साली केंद्राने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली. विदर्भ गृहनिर्माण मंडळही होते, ते १९७७ साली म्हाडात विलीन झाले. मात्र पुढील योजनांचा कल घरे मालकीने देण्याकडे राहिला. गरिबाला परवडेल अशी भाड्याची खोली पुरविण्याचे ओझे बहुतांशी खाजगी मालकाच्याच खांद्यावर ठेवले गेले.

मुंबईच्या कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठविली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठविणे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि मुंबई, मराठवाडा व विदर्भ यांचे तीन वेगळे कायदे संपले. विदर्भातील पूर्वपरवानगीची पायरी गेली, दावे थेट न्यायालयात जाऊ लागले. मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली, आणि करार लेखी व नोंदणीकृत करणे बंधनकारक झाले. तरी मनातील भीती कायद्याने जात नाही. अकरा महिन्यांच्या परवाना कराराची रीत रुजली, आणि दरवर्षी बिऱ्हाड हलविण्याची चिंता भाडेकरूकडे परत आली. २०२१ साली केंद्राने राज्यांसाठी नमुना भाडे कायदा मंजूर केला. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे त्यात आहे.

अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांचे या ठिकाणी स्मरण होते. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी परक्या माणसांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र घर केले नाही. निवारा द्यावयाचा तर तो बांधावा लागतो, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. १९४९ च्या आदेशाने निराधाराला आसरा दिला हे खरे, परंतु तो दुसऱ्याच्या ओसरीवर दिला. समाजाने करावयाच्या दयेचा खर्च एकट्या शेजाऱ्याकडून वसूल केला, तर आज ना उद्या तो शेजारी दाराला कुलूप लावतो. पिंपळ फुटलेली ती घरे आम्हांस हेच सांगतात.