साखरेचा दाणा

संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात वाळूचा, खड्याचा कण. गोड पदार्थाला हे नाव मिळाले ते त्याच्या चवीमुळे नव्हे, दाण्यामुळे. हाच शब्द फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ आणि पुढे इंग्रजीत ‘शुगर’ झाला. आपल्या बेळगावात शेजारचे कन्नड घर ‘सक्करे’ म्हणते आणि खडीसाखरेला ‘कल्लुसक्करे’, म्हणजे दगडी साखर. मराठीतही ‘खडी’ आलीच. सरकारी बांधकामाच्या कागदांत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला खडी म्हटले की आधी रस्ताच आठवतो! संस्कृत ‘खंड’ अरबीतून फिरत युरोपात गेला आणि त्याची ‘कँडी’ झाली.

उसाचा रस आटवून गूळ करणे हे फार जुने. पण त्याच रसातून कोरडा, टिकाऊ, दूर नेता येईल असा दाणा वेगळा काढणे ही खरी विद्या, आणि ती भारताची. इ. स. ६४७ मध्ये चीनचा तांग सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली, अशी नोंद चिनी इतिहासात आहे.

या विद्येचे मर्म साखरेच्या एका गुणात आहे. साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळते असेल तर पावणेपाचशे ग्रॅमच्या पुढे. म्हणजे गरम पाक सावकाश निवू दिला की पाण्याला न पेलणारी साखर बाहेर पडते, आणि आत दोरा सोडला असेल तर त्याला धरून खडे वाढतात. प्रसादाच्या खडीसाखरेत दातात येणारा दोरा तो हाच. घाई केली, ढवळले, तर बारीक दाणा. आपल्या घरच्या बायका एकतारी-दोनतारी पाक बोटांवर पाहतात, तेव्हा त्या पाण्यात साखर किती उरली हेच मोजत असतात. गुळाचा मात्र असा स्वच्छ खडा होत नाही. त्यात साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि रसातली इतर द्रव्ये राहतात, ती दाण्याला धड जमू देत नाहीत आणि हवेतले पाणी ओढतात. म्हणून पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो.

खडीसाखरेचा आणखी एक गुण: अगदी काळोखात ती अडकित्त्याने फोडली तर क्षणभर निळसर चमक दिसते. फ्रान्सिस बेकनने १६२० साली हे लिहून ठेवले आहे. डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात, एवढेच.

१७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने बीटाच्या कंदातून मद्यार्काने साखर काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दाण्याचा आकार उसाच्या साखरेसारखाच! पुढे त्याचा शिष्य आखार्ड याने बीटसाखरेचा कारखाना काढला आणि थंड मुलखालाही स्वतःची साखर मिळाली.

उसाच्या मुलखात तेव्हा काय होते? कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या लुइझियानात गुलाम माणसे उघड्या कढयांच्या रांगेपाशी उभी राहून उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. त्यात भाजणे रोजचेच. शिवाय जास्त आचेने साखर करपे. १८१३ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने बंद भांड्यातली हवा काढून पाक कमी तापमानावर उकळवला. त्यापुढची मोठी उडी नॉर्बर्ट रिलिओची. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई कृष्णवर्णी वंशाची मुक्त स्त्री. पॅरिसला शिकून आलेल्या या इंजिनिअरने १८४३ साली असे यंत्र पेटंट केले, ज्यात पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्यातला रस उकळवते, कारण दुसऱ्यात हवेचा दाब कमी असतो. इंधन वाचले, पळ्या गेल्या, साखरही उजळ झाली. ज्या मळेवाल्यांचे उत्पन्न त्याने वाढवले त्यांच्याच समाजात त्याला बरोबरीचे स्थान नव्हते. तो शेवटी पॅरिसला गेला आणि १८९४ मध्ये तिथेच वारला. आजच्या प्रत्येक साखर कारखान्यात बाष्पीभवनाचे हेच तत्त्व चालते, पण त्याचे नाव किती जणांना माहीत असते?

आपल्याकडे प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मात्र शेतकऱ्याचे नशीब प्रकाशावर ठरते. १८१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बिओला दिसले की साखरेचे पाणी ध्रुवीय प्रकाशाची दिशा उजवीकडे वळवते. साखर जितकी जास्त तितके वळण जास्त. त्याच तत्त्वाच्या यंत्रावर रसातली साखर मोजतात, आणि उसाचा सरकारी दर साखर उताऱ्याला बांधलेला आहे. २०२२-२३ च्या हंगामापासून त्यासाठी मूळ उतारा १०.२५ टक्के धरला गेला.

आता तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर त्यातली साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. हे मिश्रण प्रकाश डावीकडे वळवते आणि त्याचा दाणाही पडत नाही. ऊस सुकून वजन घटते ते शेतकऱ्याला काट्यावर दिसते. ही दुसरी घट डोळ्यांना दिसत नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग दोन-दोन दिवस हलत नाही, तेव्हा प्रत्येक ट्रॉलीत हेच चालू असते.