पाच सेंटिमीटर आणि तीन वर्षं

२१ सप्टेंबर २०००. सिडनीच्या सुपरडोममध्ये तुम्ही इतक्या खालच्या रांगेत बसला आहात, की मुली हाताला चोळतात ती मॅग्नेशियाची पांढरी पूड तुमच्या घशात खवखवते आहे. महिला जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक ऑल-अराउंड अंतिम फेरी सुरू आहे. समोर व्हॉल्टचा घोडा आडवा ठेवलाय. पुढच्या वर्षी तो जाईल आणि त्याच्या जागी रुंद टेबल येईल, पण आज अजून घोडाच आहे. रशियाची स्वेतलाना खोरकिना धावत येते, हात टेकते, हवेत फिरते आणि गुडघ्यांवर आदळते.

खोरकिना! सुवर्णपदक जिचंच म्हणून सगळे धरून चाललेले, ती. मग आणखी मुली अडखळतात. जगातल्या इतक्या पट्टीच्या मुली एकाच संध्याकाळी, एकाच ठिकाणी कशा चुकतील? तुमच्या पोटात कालवाकालव होते. शेवटी ऑस्ट्रेलियाची सोळा वर्षांची अ‍ॅलाना स्लेटर घोड्यापाशी येऊन थांबते आणि तो बुटका वाटतोय, असं सांगते. पंच, कामगार धावतात. टेप लावली जाते. घोडा १२५ सेंटिमीटर हवा. तो १२० आहे. आपली तीन बोटं शेजारी शेजारी ठेवा, जेमतेम तेवढा फरक.

घोडा वर घेतात. ज्यांच्या उड्या होऊन गेल्या, त्यांना हवी असेल तर पुन्हा संधी. पण खोरकिना तोवर बारवरूनही पडली आहे. मन एकदा खचलं की हात सुटतात. आता तिला नव्या उडीचा काही उपयोग नाही.

तरी इथे निदान टेप होती. मोजता आलं, म्हणून तासाभरात चूक सापडली. आता दोन दिवस मागे या. तोच हॉल, १९ सप्टेंबर, सांघिक अंतिम फेरी.

चीनच्या सहा मुली ओळीने येतात. त्यांच्यातल्या दोंग फांगशियाओकडे बघा. नोंदणीत तिची जन्मतारीख आहे २० जानेवारी १९८३, म्हणजे वय १७. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला दुसरी तारीखही ठाऊक आहे: २३ जानेवारी १९८६. समोरची मुलगी जवळपास १४ वर्षं ८ महिन्यांची आहे. मर्यादा १६ ची. पाच सेंटिमीटर सापडले, ही तीन वर्षं कोणाच्याच टेपला लागली नाहीत.

ती धावते तेव्हा तिच्या मनगटांकडे बघा. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा अजून मऊ असते, आणि प्रत्येक उडीत सगळा भार त्याच जागी येऊन पडतो. लहान, हलकं, अजून वयात न आलेलं शरीर हवेत झपकन फिरतं, हे खरंच आहे. फायदा तिथेच आहे आणि इजाही तिथेच. म्हणून वयाची अट एकाच वेळी दोघींसाठी असते: जी लहान आहे तिला जपण्यासाठी, आणि जी वाढली आहे तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून.

अट नेहमीच अशी नव्हती. आणखी मागे जा, १८ जुलै १९७६ चं माँट्रियल. रोमानियाची नादिया कोमानेची असमान बारवरून उतरते आणि फलकावर १.०० झळकतात, कारण १०.०० दाखवण्याची सोयच त्या फलकात नाही. ती चौदा वर्षांची आहे आणि ते नियमात बसतं. तुम्हीही सगळ्यांबरोबर उठून टाळ्या वाजवता. जगाने तिथे एक मोठी खेळाडू पाहिली. मला भीती वाटते ती अशी, की बऱ्याच जणांनी फक्त वय पाहिलं. पुढे १९८१ मध्ये अट १५ वर गेली, १९९७ मध्ये १६ वर. अट जसजशी वर सरकली, तसतशा जन्मतारखाही सरकू लागल्या. रोमानियाच्या दानिएला सिलिवाशने पुढे स्वतःच सांगितलं, की तिचं वय वाढवून लिहिलं होतं. उत्तर कोरियाची किम ग्वांग-सुक ओळीने तीन वर्षं पंधराचीच राहिली, आणि त्यातल्या शेवटच्या वर्षी, १९९१ मध्ये, इंडियानापोलिसला बारवर विश्वविजेती झाली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे किती आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी नाव घालताना वर्षं पुरी बसवून टाकायचे. पण त्या खोट्यामागे पोराला वर्गात बसवायची घाई होती. इथे पोरीचं बालपण खर्ची टाकायची घाई आहे. दोन्हींची तुलना करताना माझी लेखणी अडखळते.

परत १९ तारखेला. चीन तिसरा, अमेरिका चौथी. अमेरिकेच्या संघात ताशा श्विकर्ट आहे, तीही आज पंधराचीच. पण नोव्हेंबरमध्ये ती सोळा पूर्ण करेल, आणि नियम त्या वर्षात सोळा पूर्ण होण्याचा आहे. म्हणजे तिचं वय कागदावर जे आहे तेच आहे, आणि ती रिकाम्या हाताने घरी जाणार.

आठ वर्षं उडी मारा. बीजिंग, २००८. दोंग पुन्हा ऑलिम्पिकला आली आहे, या वेळी स्पर्धेतल्या अधिकाऱ्यांपैकी एक म्हणून. या वेळच्या नोंदणीत तारीख आहे २३ जानेवारी १९८६. चौकशी होते. २८ एप्रिल २०१० रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती चीनचं कांस्य काढून घेते. सहाही मुलींचं. उरलेल्या पाच जणींनी त्या संध्याकाळी जे केलं, तेही त्याबरोबर पुसलं जातं.

मला राग येतो तो इथे. चौदा वर्षांची मुलगी ऑलिम्पिकची कागदपत्रं स्वतः भरत नाही. त्याच सिडनीत रोमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेया रादुकानचं ऑल-अराउंडचं सुवर्ण गेलं ते संघाच्या डॉक्टरने दिलेल्या सर्दीच्या गोळीपायी. गोळी मोठ्यांची, तारीख मोठ्यांची, पदक मात्र मुलीच्या गळ्यातून उतरवलं जातं. मर्यादा हवीच, आणि मोडली तर निकाल बदलायलाच हवा. पण शिक्षेचा कागद आधी प्रशिक्षकाच्या, महासंघाच्या टेबलावर पडला पाहिजे. वयाच्या लबाडीसाठी १९९३ च्या जागतिक स्पर्धेतून अख्ख्या उत्तर कोरियाला बाहेर ठेवलं होतं. म्हणजे मनात आणलं तर ते जमतं.

ऑगस्ट २०१०, हार्टफर्ड. राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने भरलेल्या सभागृहात त्या अमेरिकन मुलींना कांस्यपदकं मिळतात. मुली कसल्या, आता बाया झाल्यात. हातांवर पांढरी पूड नाही. तुम्ही टाळ्या वाजवता, आणि दहा वर्षं उशिरा वाजलेल्या टाळीचा आवाज तुम्हाला वेगळा ऐकू येतो.

शेवटचं एकदा सुपरडोम. दोंग हात झटकते, धावायच्या रेषेवर येते. तुम्ही तिला फार तर एकच प्रश्न विचारू शकाल: बाळा, तुझा वाढदिवस विसाला की तेविसाला? पण हिरवा दिवा लागला आहे, आणि ती धावायला लागते.