ताऱ्याच्या प्रकाशाला हेलियमची मोजपट्टी

प्रकाश अनेक रंगांत विभागून त्याचा वर्णपट नोंदविणाऱ्या उपकरणास वर्णपटमापक म्हणतात. मात्र हे उपकरण तरंगलांबी थेट सांगत नाही. प्रकाश डिटेक्टरच्या कितव्या घरात, म्हणजे पिक्सेलवर पडला, एवढेच ते नोंदविते. पिक्सेलचा क्रमांक आणि तरंगलांबी यांची सांगड घालण्याच्या क्रियेला अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात.

पुण्यातील 'आयुका' या संस्थेची गिरवली वेधशाळा शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. २ मीटर व्यासाच्या आरशाच्या तेथील दुर्बिणीचे उद्घाटन २००६ मध्ये झाले. तिला जोडलेल्या 'आयफॉस्क' या वर्णपटमापकासाठी हेलियम व निऑन वायूंचे दिवे संदर्भ म्हणून वापरले गेले. विरळ वायूतून वीज गेली की त्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतात. हेलियमच्या ४४७.१५, ५८७.५६ व ६६७.८२, तर निऑनच्या ५८५.२५ व ६४०.२२ नॅनोमीटरच्या रेषा प्रयोगशाळांत काटेकोरपणे मोजलेल्या आहेत.

दिव्याचा प्रकाश ताऱ्याच्या प्रकाशाप्रमाणेच त्याच फटीतून आत सोडतात. प्रत्येक रेषेचा मध्य कोणत्या पिक्सेलवर येतो ते पाहून, ज्ञात तरंगलांबीशी त्याचे गणिती सूत्र बसवितात. हे नाते अगदी सरळ रेषेचे नसल्याने दोन रेषा पुरत नाहीत. संपूर्ण पट्ट्यात विखुरलेल्या अनेक रेषा लागतात. शेवटच्या ज्ञात रेषेपलीकडे सूत्रावर विसंबणे धोक्याचे असते. शिवाय दुर्बीण कलली वा तापमान बदलले की उपकरण किंचित वाकते. म्हणून ताऱ्याच्या वेधालगतच दिव्याची नोंद घेतात. रात्रीच्या आकाशातील ऑक्सिजनची ५५७.७३ नॅनोमीटरची हिरवी रेषा योग्य जागी आली की पडताळा मिळतो.

एवढी काटेकोरी कशासाठी? हायड्रोजनच्या ६५६.२८ नॅनोमीटरच्या रेषेत अवघी ०.१ नॅनोमीटरची चूक झाली, तरी ताऱ्याच्या गतीत सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटरची चूक होते. जवळ येणारा तारा दूर जाताना भासू शकतो!

हेलियमचा शोधही अशाच मोजणीतून लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून वेध घेणाऱ्यांना सूर्यज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असावी, असे अनेकांना वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तिचा वेध घेतला. सोडियमच्या ५८९.०० व ५८९.५९ नॅनोमीटरच्या रेषांपासून ती वेगळी ठरली. अंतर होते जेमतेम दीड नॅनोमीटर. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना हा वायू पृथ्वीवरील खनिजात सापडला.

एकेकाळी जिची ओळख पटविण्यासाठी मोजणी करावी लागली, तीच ५८७.५६ नॅनोमीटरची रेषा आज इतरांच्या मोजणीचा आधार झाली आहे.