फाटका स्वर आणि पायाखालचा खटका: गिटारच्या ‘गेन’चा इतिहास

#थ्रेड

१/ आजच्या रॉक मैफलीत वादक पायाशी ठेवलेल्या पेटीवरचा खटका दाबतो आणि त्याच क्षणी गिटारचा नितळ स्वर खरखरीत, धगधगता होतो. त्या पेटीत ना व्हॉल्व्ह असतो, ना स्पीकर. असतो तो फक्त आकडेमोड करणारा प्रोसेसर. या यंत्राला डिजिटल ॲम्प मॉडेलर म्हणतात. हा खटका घडण्यापूर्वी गेनला तीन बंधनांतून सुटावे लागले: प्रथम आवाजाच्या मोठेपणापासून, मग हातापासून आणि अखेरीस प्रत्यक्ष ॲम्पपासून. प्रत्येक सुटकेची किंमतही मोजावी लागली.

२/ प्रथम संज्ञा स्पष्ट करू. गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युत्संकेत अतिशय क्षीण असतो. ॲम्पचा पहिला टप्पा तो किती पटींनी वाढवतो, ते म्हणजे गेन. व्हॉल्व्हच्या कुवतीपलीकडे संकेत वाढला की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि मुळात नसलेले उपस्वर जन्माला येतात. हेच डिस्टॉर्शन. शेवटी कानावर किती मोठा आवाज पडतो, ही बाब वेगळी; तो व्हॉल्यूम. संपूर्ण इतिहास या दोहोंच्या फारकतीचा आहे.

३/ तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे, त्याला उपस्वरांची श्रीमंती नव्याने सांगायला नको. मात्र अमेरिकी अभियंत्यांच्या दृष्टीने ॲम्पमधील छाटणी हा निव्वळ दोष होता. १९५१ मध्ये मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना विली किझार्ट या गिटारवादकाचा ॲम्प नादुरुस्त होता. ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स यांनी स्पीकरच्या शंकूत कागद कोंबून काम निभावले आणि तो फाटका स्वर तसाच तबकडीवर ठेवला.

४/ दोषाचे उपकरणात रूपांतर झाले ते नॅशव्हिलमध्ये. मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ साली गाजलेल्या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांचा बास मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनेलमुळे घरघरत उमटला. ध्वनी अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने हेतुपुरस्सर घडवला. त्यातून १९६२ मध्ये गिब्सन कंपनीचे माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले.

५/ १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी हेच पेडल वापरले. त्या गाण्यात फझची धून येते, थांबते आणि पुन्हा येते. गेनच्या दोन पातळ्यांमधील ये-जा येथे गाण्याच्या रचनेचा भाग झाली.

६/ ॲम्पचे स्वतःचे डिस्टॉर्शन मात्र अजून व्हॉल्यूमशी जखडलेले होते. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडर बेसमनच्या धर्तीवर आपला पहिला ॲम्प सहकाऱ्यांकडून घडवून घेतला. पुढे ‘द हू’च्या पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांच्या आग्रहातून १०० वॅटचे मार्शल आले. त्यांचा स्वर पेटायचा, तो चकती जवळजवळ शेवटपर्यंत फिरवल्यावरच.

७/ याची किंमत कानांनी मोजली. त्या पिढीतील अनेक रॉक वादकांना श्रवणहानी झाली. टाउनशेंड यांनी स्वतःच्या त्रासाविषयी जाहीरपणे सांगितले आहे. ॲम्प असा पेटलेला असताना पातळी बदलायचा मार्ग एकच होता: गिटारवरची व्हॉल्यूमची चकती. ती थोडी मागे घेतली की ॲम्पवरचा ताण उतरे आणि स्वर निवळे. जिमी हेंड्रिक्स यांचे या चकतीवरील प्रभुत्व विख्यात आहे. गेनचे सारे नियंत्रण तेव्हा वादकाच्या करंगळीत होते.

८/ पहिली सुटका कॅलिफोर्नियात झाली. रँडल स्मिथ छोट्या फेंडर प्रिन्स्टन ॲम्पमध्ये फेरफार करून विकत. १९७०च्या दशकात त्यांनी मेसा बूगी ॲम्पमध्ये गेनचा आणखी एक टप्पा जोडला आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूम बसवला. आरंभी हवे तितके तापवावे आणि अखेरीस हवा तितकाच आवाज बाहेर सोडावा, ही ती युक्ती. १९७५ मध्ये मार्शलनेही मास्टर व्हॉल्यूमचा १०० वॅटचा ॲम्प आणला.

९/ दुसरी सुटकाही याच घराण्यात. दशकाच्या अखेरीस आलेल्या मेसाच्या मार्क टू ॲम्पमध्ये ऱ्हिदम आणि लीड या दोन पातळ्या पायाच्या खटक्याने बदलता येऊ लागल्या. वादन न थांबवता स्वर पालटू लागला. परंतु बास-ट्रेबलच्या चकत्या दोहोंना सामाईक होत्या. लीडला मानवणारी मांडणी ऱ्हिदमला मानवतेच असे नाही. खटका एक, तडजोडी अनेक.

१०/ १९८३ मध्ये मिडी हा संकेतप्रमाण रूढ झाला आणि एका चॅनेलवर १२८ प्रोग्राम क्रमांकांनी बोलावता येऊ लागले. लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ यांनी एकेका वादकासाठी अशा स्विचिंग यंत्रणा बांधल्या की, पायाच्या एका दाबासरशी ॲम्प, पेडल आणि प्रतिध्वनी एकदम बदलत. स्वच्छ, क्रंच आणि लीड अशा तिन्ही पातळ्यांसाठी वेगवेगळे ॲम्प मंचावर उभे राहिले. अर्थात हे वैभव फार थोड्यांनाच परवडणारे होते.

११/ तिसरी सुटका प्रोसेसरने केली. १९९५ मध्ये रोलँडचे व्हीजी-८ आले. १९९६ मध्ये लाइन सिक्स कंपनीने ॲक्सिस २१२ हा मॉडेलिंग ॲम्प आणला, तर १९९८ मध्ये टेबलावर मावणारे, लालचुटूक पॉड. गेल्या चाळीस वर्षांतील ॲम्पची गणिती प्रतिरूपे एका लहानशा डबीत बसली. हेडफोन लावून मध्यरात्री मार्शल ‘पेटवणे’ प्रथमच सामान्य वादकाच्या आवाक्यात आले.

१२/ प्रतिरूपाच्या दोन परंपरा पडल्या. एक संपूर्ण परिपथाचे वर्तन गणिताने उभे करते. २००६ मध्ये आलेले फ्रॅक्टल ऑडिओचे ॲक्स-एफएक्स या वाटेचे. दुसरी प्रत्यक्ष ॲम्पमध्ये चाचणीचे ध्वनी सोडून त्याचा ठसा घेते. २०११ मध्ये पुढे आलेले जर्मनीचे केम्पर या वाटेचे. हा ठसा चकत्यांच्या एकाच मांडणीचा असतो. तेथून गेन फार वाढवला वा घटवला, तर पुढचे यंत्राचे अनुमान. म्हणून अनेक वादक प्रत्येक पातळीसाठी स्वतंत्र ठसा ठेवतात.

१३/ डिजिटल युगाने एक नवी अडचणही आणली. एक प्रीसेट सोडून दुसरा घेताना प्रोसेसरला सारी मांडणी नव्याने भरावी लागते. मध्ये क्षणभर शांतता पसरते आणि प्रतिध्वनीची शेपटी तुटते. ऐन लीडच्या तोंडावर पडलेली ती पोकळी श्रोत्यालाही जाणवते. यावर तोडगा निघाला तो असा: सगळे घटक एकाच प्रीसेटमध्ये आधीच भरून ठेवायचे आणि खटक्यासरशी फक्त त्यांची मूल्ये बदलायची. फ्रॅक्टलमध्ये याला ‘सीन’ म्हणतात, तर लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये ‘स्नॅपशॉट’. प्रोसेसरची शक्ती मात्र सर्व घटकांत वाटली जाते. मार्क टूमधील सामाईक चकत्यांची तडजोड येथे वेगळ्या रूपात परतली.

१४/ जुने भौतिकशास्त्रही सुटले नाही. छाटलेली लहर दबलेली असते. त्यामुळे डिस्टॉर्शनच्या आधी संकेत वाढवला तर आवाज फारसा मोठा होत नाही, स्वर तेवढा अधिक दाट होतो. लीड उठून दिसावी यासाठी वाढ डिस्टॉर्शननंतर करावी लागते. शिवाय बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की, हळू आवाजात कानाला खर्जातले स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. म्हणूनच घरी हेडफोनवर बेतलेला प्रीसेट मंचावरच्या मोठ्या आवाजात बोजड वाटतो. मोठेपणापासून सुटलेला गेन कानापासून सुटलेला नाही.

१५/ आणि हातापासून? मॉडेलर पारखणारे जाणकार आजही एक साधी कसोटी लावतात. ॲम्पचे प्रतिरूप पुरते तापवायचे, पायाचा खटका बाजूला ठेवायचा आणि गिटारवरची व्हॉल्यूमची चकती हळूच मागे घ्यायची. स्वर नुसता लहान झाला, तर नक्कल कच्ची. तो निवळत गेला, कडा राखून नितळ झाला, तर प्रतिरूप साधले. कोट्यवधी आकडेमोडींची परीक्षा आजही ती करंगळीच घेते.

(समाप्त)